अभ्यासपाठ : थंडीतली उदासी, कामाचा वैताग आणि गीतेचा पहिला अध्याय

।। श्री गुरुदेव दत्त ।।



पौष लागला. गावाकडची माणसं सुरतच्या थंडीला थंडी म्हणत नाहीत, आणि ते खरंही आहे. पहाटे स्वेटर घालायचा नि दुपारी पंखा लावायचा, एवढीच आपली थंडी. तरी गेल्या काही गुरुवारच्या बैठकांत आरती झाल्यावर जी बोलणी होतात त्यांत एकच सूर ऐकू येतोय. मन लागत नाही. खात्यात जायची इच्छा होत नाही. मास्तर जरा काही बोलला की डोकं फिरतं. घरी आलं की कुणाशी बोलावंसं वाटत नाही. दोन माऊलींनी तर वेगळं बसवून विचारलं की यांच्यासाठी एखादं पारायण सांगा, हे पहिल्यासारखे राहिले नाहीत.

म्हणून या आठवड्याचा पाठ याच विषयावर घेतला आहे. ग्रुपवर घरातल्या सगळ्यांनी वाचावा. जे रात्रपाळीला आहेत त्यांना वाचून दाखवावा.

नुकतीच मार्गशीर्ष शुद्ध एकादशी झाली, म्हणजे गीता जयंती. गीता सांगितली गेली तीही याच थंडीच्या दिवसांत. आणि तिच्या पहिल्या अध्यायाचं नाव काय? अर्जुनविषादयोग. आपण गीता म्हटली की कर्मयोग, भक्तियोग म्हणतो आणि पहिला अध्याय नावांची यादी समजून भरभर उरकतो. कोणी कोणता शंख वाजवला, कोण कुठे उभा होता. पण नीट बघा, 'योग' हा शब्द तिथे विषादाला जोडलाय. खचून जाणं हीसुद्धा गीतेत एक पायरी मानलेली आहे. ज्याचा विषाद झाला त्याला भगवंतांनी रथातून उतरवून दिलं नाही.

अर्जुनाला काय होत होतं ते अठ्ठाविसाव्या श्लोकापासून पुढे वाचा. हातपाय गळाले, तोंडाला कोरड पडली, अंगाला कंप सुटला, अंगाची आग होऊ लागली, धनुष्य हातातून निसटलं, उभं राहवेना, मन गरगरू लागलं. हे सगळं आधी शरीराला होतंय. विचार नंतर आले. आपले बंधू सांगतात तेही तसंच असतं. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, झोप लागत नाही किंवा उठवत नाही, जेवण गोड लागत नाही. मग घरातले म्हणतात, काही नाही, आळस आहे. अर्जुनाला कोणी आळशी म्हटलं असतं का? त्या काळातला पहिल्या नंबरचा धनुर्धर तो. ज्ञानेश्वर माऊलींनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशाला याच प्रसंगावर निरूपण करताना भुंग्याचा दृष्टान्त दिलाय. कठीण लाकूड सहज पोखरणारा भुंगा कमळाच्या मऊ कळीत मात्र अडकून पडतो. आठ-दहा लूम एकटा सांभाळणारा गडी, ज्याला बारा तास उभं राहायचं काही वाटत नाही, तो गावाहून लेकराचा फोन आला आणि 'पप्पा, कधी येणार?' ऐकलं की दिवसभर गप्प होतो. ते दुबळेपण नव्हे. माऊलींना ते सातशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

आता हे थंडीतच जास्त का होतं, हेही समजून घेऊ. सगळं मनावर ढकलू नये, काही गोष्टी साध्या असतात.

आपली पाळी सात ते सात. जानेवारीत सुरतेत सूर्य सव्वासातनंतर उगवतो आणि संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराला मावळतो. म्हणजे जो बंधू साडेसहाला सायकल काढून निघतो आणि सातला खात्यातून बाहेर पडतो, त्याला हप्त्यात सुटीचा दिवस सोडला तर ऊन दिसतच नाही. उन्हाळ्यात तसं नसतं. तेव्हा जातानाही उजेड असतो नि येतानाही. रात्रपाळीवाला दिवसा खोलीला परदा लावून झोपतो, त्याचंही तेच.

ऊन आणि मन यांचा संबंध आता डॉक्टर लोकही मानतात. नॉर्मन रोझेन्थल नावाचे डॉक्टर दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गहून अमेरिकेला गेले. म्हणजे तेही आपल्यासारखे गाव सोडून कामाला गेलेले. तिथल्या लांबलचक हिवाळ्यात आपला उत्साह मावळतो आणि वसंतात परत येतो हे त्यांना स्वतःवरूनच जाणवलं. 1984 साली त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी या हिवाळी उदासीचं वर्णन शास्त्रीय मासिकात मांडलं आणि तेजस्वी प्रकाशाने तिच्यावर उपचार करता येतो हेही दाखवलं. आपल्याकडे दिवस तिथल्याइतका लहान होत नाही. सुरतचा सगळ्यात लहान दिवससुद्धा पावणेअकरा तासांच्या आसपास असतो. पण ते पावणेअकरा तास आपला बंधू भिंतीआड असेल तर त्याला त्या दिवसाचा काय उपयोग?

आपल्या जुन्या माणसांनी मासिकं वाचली नव्हती, पण धुंधुरमास पाळला. धनुर्मासात घरातली बाई पहाटे उठून मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याची भाजी करायची आणि सूर्य उगवताना नैवेद्य दाखवून सगळं घर उन्हात जेवायला बसायचं. वर्षातल्या सगळ्यात गार, सगळ्यात लहान दिवसांत माणसाला अंथरुणातून काढायचं, गरम खायला घालायचं आणि कोवळ्या उन्हात सगळ्यांच्या मध्ये बसवायचं. पुढे माघात रथसप्तमी, तीही सूर्याचीच. आपण हे सण गावाला ठेवून आलो आणि इथे फक्त उत्तरायणाचा पतंग उरला.

दुसरं कारण दिवाळीचं. दिवाळीला कारखाने बंद, आपण उधन्याहून गाडी धरतो, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत घरी पोचतो. दिवे लागतात, भाऊबीज होते, हातातला पैसा संपतो आणि लाभपाचम झाली की परत. त्यानंतर येतो हा काळ. गावाला म्हातारे आई-वडील कापूस वेचत असतात आणि आपण इथे. कमुरता लागला की लग्नं थांबतात, धंदा मंद असला तर पाळ्या कमी होतात. उचल फेडायची असते. आता माणूस हसतमुख राहील तरी कसा?

तिसरी गोष्ट छोटी आहे, पण तिच्यावरून घरोघरी भांडणं होतात म्हणून लिहितो. शटलच्या लूमचा आवाज 90 डेसिबलच्या पुढे जातो. बारा तास त्यात राहिलेल्या माणसाचे कान सुटीनंतरही काही वेळ बधिर असतात. तो घरी येऊन 'पाणी दे' म्हणतो ते ओरडून म्हणतो. वहिनींना वाटतं हे आल्या आल्या खेकसले. त्या फुरंगटतात, मुलं दूर होतात आणि याला कळतच नाही की झालं काय. अशा वेळी समजावं की माणूस घरी आला, कान अजून खात्यात आहेत. अर्धा तास द्यावा. टीव्ही बंद ठेवावा. आणि बंधूंनी कामावर कानात बोळे घालावेत. मास्तर हसला तर हसू द्यावं.

आता मूळ पाठाकडे येऊ.

अर्जुन बोलायला लागला तेव्हा भगवंत काय करत होते? पहिल्या अध्यायात श्रीकृष्णांच्या तोंडी अवघं एक वाक्य आहे, जमलेले कौरव बघ, एवढंच. त्यानंतर अध्याय संपेपर्यंत, सत्तेचाळीस श्लोक पुरे होईपर्यंत, ते काही बोलत नाहीत. समोर दोन्ही सैन्यं उभी आहेत, शंख वाजून गेलेत, वेळ अजिबात नाही. तरी सारथी गप्प राहून ऐकतोय. अर्जुन जे सांगतो त्यात सगळंच काही बरोबर नाही, काही तर्क तर उलटेसुलटे आहेत. तरी मध्ये तोडलं नाही.

मग दुसरा अध्याय सुरू होतो आणि इथे एक गंमत आहे, ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. भगवंत आधी रागावतात. दोनच श्लोक. हे भलत्या वेळी तुला काय सुचलं, हा दुबळेपणा सोड आणि ऊठ, अशा अर्थाचे. परिणाम काय झाला? काही नाही! अर्जुन उठला नाही. उलट आणखी बोलला, मी तुमचा शिष्य आहे, मला कळेनासं झालंय, हे दुःख कशाने जाईल ते दिसत नाही असं म्हणाला, लढणार नाही म्हणाला आणि गप्प बसला.

साक्षात भगवंतांचं 'ऊठ, हिंमत धर' दोन श्लोकांत चाललं नाही, तिथे आपण फॅमिली ग्रुपवर 'पॉझिटिव्ह राहा' लिहिलेलं फुलांचं चित्र पाठवून काय होणार?

पुढे बघा. अर्जुन गप्प बसल्यावर भगवंत किंचित हसल्यासारखे होऊन बोलू लागतात, आणि मग जे चालू होतं ते अठराव्या अध्यायापर्यंत चालतं. मध्येच अर्जुन तक्रारही करतो. तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच म्हणतो की तुमचं बोलणं दुहेरी वाटतंय, मला गोंधळात टाकू नका, एक काय ते सांगा. त्याचाही भगवंतांना राग येत नाही. परत समजावतात. आणि सगळं सांगून झाल्यावर शेवटी काय म्हणतात? यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला योग्य वाटेल ते कर. जबरदस्ती नाही. रागावण्याला दोन श्लोक आणि समजावण्याला सतरा अध्याय, हे प्रमाण आपण घरात पाळतो का, प्रत्येकाने आपापलं पाहावं.

घरातला कर्ता माणूस, दादा असो, नाना असो, कमावता मुलगा असो, तो गप्प झाला तर आधी विचारावं आणि विचारून थांबावं. 'काय झालं, सांगा ना' म्हणून लगेच 'अहो, सगळ्यांनाच असतं असं' जोडू नये. त्या दुसऱ्या वाक्याने तोंड बंद होतं. तो शेठला शिव्या देईल, मास्तरला देईल, कदाचित देवालाही बोलेल. बोलू द्यावं. गुरूचं नाव घेणाऱ्याच्या घरी देवाला कुणी बोललं म्हणून आकाश कोसळत नाही. आणि हे फक्त पुरुषांचं नाही बरं का. घरी बसून साड्यांना लेस नि खडे लावणाऱ्या आपल्या भगिनी दिवसभर मान खाली घालून नगावर काम करतात, स्वयंपाक-पाणी वेगळंच. त्यांना तर कोणी विचारतही नाही, कारण त्या 'घरीच' असतात.

महाराज सहनशक्ती शिकवतात. ते ऐकून काही बंधूंना वाटतं की कामावर काही झालं तरी तोंड उघडायचं नाही, हीच भक्ती. आमची समजूत तशी नाही. अर्जुनाला शेवटी काय करायला सांगितलं? रथात बसून सहन कर असं नाही सांगितलं. ऊठ, पण डोकं शांत ठेवून ऊठ, असं सांगितलं. कापडात दाग निघाला म्हणून पगार कापला आणि तो दाग बीमच्या धाग्याचा होता, कारागिराचा नव्हता, तर ते सांगायलाच हवं. कामगाराच्या हातून झालेल्या नुकसानीची कपात करण्याआधी त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यायची, हे तत्त्व 1936 च्या वेतन कायद्यापासून लिहिलेलं आहे. आधी ऐका, मग निवाडा करा. भगवंतांनी रथात केलं तेच कायद्यानेही सांगितलं.

फक्त सांगायची रीत असते. पगाराच्या दिवशी गर्दीत, रात्रभर जागून, तावातावाने गेलं की शेठही तावातच उत्तर देतो. आपली वही ठेवा. रोजचे मीटर, कोणतं मशीन किती वेळ बंद होतं, कोणता बीम खराब होता, तारखेसकट लिहा. दोन ओळी पुरतात. मग दोघे-तिघे मिळून दुसऱ्या दिवशी शांतपणे दाखवा. ऐकलं तर ठीक, नाही ऐकलं तर दुसरं खातं बघायचं की तिथेच राहायचं हे घरात बसून ठरवा. पण वैताग रोज रात्री पोटात घेऊन झोपू नका आणि तो मुलांवर काढू नका. वहीत लिहिलेला हिशेब डोक्यात तितका फिरत नाही, हा आपल्या बैठकीतल्या कित्येकांचा अनुभव आहे.

दारूबद्दल एकच सांगतो. गुजरातेत बंदी आहे आणि तरी कुठे मिळते ते बमरोलीत सगळ्यांना ठाऊक आहे. ती घेतल्यावर झोप आल्यासारखी वाटते, पण मध्यरात्री मोडते, आणि सकाळी मन आदल्या दिवसापेक्षा जड होतं. उदास माणसाने तर तिच्या वाटेलाच जाऊ नये.

झोप नि जेवण यांचं महत्त्व गीतेच्या सहाव्या अध्यायात आलंच आहे. फार खाणाऱ्याचा योग साधत नाही, अगदी न खाणाऱ्याचाही नाही. फार झोपणाऱ्याचा नाही आणि जागत राहणाऱ्याचाही नाही. पाळी दर हप्त्याला बदलते त्यांना हे कठीण जातं, आम्हाला कल्पना आहे. निदान एवढं करता येईल. दिवसपाळीवाल्यांनी दहाचा चहा मशीनजवळ न पिता बाहेर उन्हात उभं राहून प्यावा, दुपारचा डबाही जमलं तर बाहेरच खावा. रात्रपाळीवाल्यांनी सुटल्यावर लगेच खोली न गाठता दहा-पंधरा मिनिटं उन्हात चालावं. जप चालता चालता करावा, बसूनच केला पाहिजे असं काही नाही.

आता जी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची ती. वैताग वेगळा, थकवा वेगळा आणि आजार वेगळा. वैताग सुटीच्या दिवशी उतरतो, थकवा दोन दिवस झोपलं की जातो. पण दोन आठवडे झाले, रोजच दिवसभर मन खाली आहे, कशातच गोडी नाही, झोप-भूक बिघडलीय, आपण कुणाच्या कामाचे नाही असं सारखं वाटतंय, तर तो डॉक्टरांचा विषय आहे. जसा मलेरिया असतो तसा हा आजार. मजुरा गेटच्या नव्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. तिथे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, नंबर 14416. पैसे लागत नाहीत, दिवसरात्र कधीही लावा, मराठीत किंवा गुजरातीत बोलता येतं. हा नंबर प्रत्येक घराने फोनमध्ये आजच सेव्ह करावा.

आणि कोणी म्हणालं की 'जगून काय करायचं', 'मी नसलो तर बरं', तर ते बोलण्यातलं बोलणं समजून सोडू नये. सरळ विचारावं, मनात जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. त्या दिवशी त्याला एकटं ठेवू नये, कामाला गेला नाही तरी चालेल, सोबत दवाखान्यात जावं. रात्री-अपरात्री आपल्या सेवेकऱ्यांपैकी कोणालाही उठवावं. त्यासाठी वेळ बघायची नाही.

ज्या दोन माऊलींनी पारायण विचारलं त्यांनाही हेच सांगितलं. पारायण जरूर करा, मनाला आधार मिळतो, घरात आवाज राहतो. पण डॉक्टरची गोळी चालू असेल तर ती पारायणासाठी, उपासासाठी किंवा अंगाऱ्यासाठी बंद करायची नाही. जो कोणी गुरूचं नाव सांगून औषध सोडायला लावील त्याचं ऐकू नये, मग तो आपल्याच बैठकीतला का असेना.

या आठवड्याचा घरचा अभ्यास : गीतेचा पहिला अध्याय आणि दुसऱ्यातले पहिले दहा श्लोक अर्थासकट एकाने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. अर्धा तास लागेल. मुलांना विचारा, अर्जुन खाली बसला तेव्हा तुम्ही सारथी असता तर काय बोलला असता? मुलं फार छान उत्तरं देतात, ती गुरुवारी आम्हाला सांगा. मग घरातल्या प्रत्येकाने या हप्त्यात कामावर किंवा शाळेत आपल्याला काय लागलं ते सांगायचं. त्यावर त्या दिवशी कोणी सल्ला द्यायचा नाही.

सूचना : येत्या रविवारी बैठकीच्या जागेच्या गच्चीवर धुंधुरमासाचं जेवण आहे. नैवेद्य सूर्योदयाला, म्हणून सातपर्यंत या. खिचडी आणि वांग्याचं भरीत तिथेच होईल. बाजरीच्या किंवा कळण्याच्या भाकऱ्या प्रत्येक घराने चार-चार आणाव्यात, ताट-वाटी आपापली. जे घरी एकटे राहतात, ज्यांचं कुटुंब गावाला आहे, त्यांनी काहीच आणू नये, नुसतं यावं. शेजारच्या खोलीतल्या बंधूलाही घेऊन या, तो आपल्या बैठकीचा नसला तरी. रात्रपाळी सुटून येणाऱ्यांसाठी दहापर्यंत वाढणं चालू राहील.

जय गुरुदेव 🙏